सात खेळले, सहा बसले

नमस्कार सर,

मी विक्रोळीला कन्नमवारनगरात राहतो, बँकेत नोकरीला आहे. कॉलेजात फुटबॉल खेळायचो. वर्षभर झालं, दर रविवारी सकाळी आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना जवळच्या मैदानात फुटबॉल शिकवतो. फी वगैरे काही नाही. एकूण तेरा मुलं, त्यांत तीन मुली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदाच एका स्पर्धेत उतरलो. सात-सात जणांची मॅच. पहिल्या मॅचला मी सगळ्यांना फिरवून खेळवलं, ०-६ हरलो. दुसरीही हरलो असतो तर बाहेर. काही पालक म्हणाले, 'आता तरी चांगली टीम उतरवा.' मी उतरवली. तेच सात जण शेवटपर्यंत खेळले आणि आम्ही २-१ जिंकलो. दोन्ही गोल आमच्यातल्या एका उंच मुलाचे. मागून लांब मारायचं आणि त्याने पळत जाऊन गोल करायचा. सहा जण बसून राहिले. त्यांतल्या एका मुलीला तिच्या आईने नंतर पाठवलंच नाही.

तेव्हापासून व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक वडील म्हणतात, 'सगळ्यांनाच खेळवायचं असेल तर पिकनिक काढा. मुंबईचं क्रिकेट खडूसपणावर मोठं झालं. असले लाड करतो म्हणूनच भारत वर्ल्डकपला जात नाही.' दुसरीकडे एक आई म्हणतात, मॅच नकोच, सगळ्यांना मेडल द्या. जानेवारीत भांडुपला टर्फवर पाच-पाच जणांची स्पर्धा आहे. नाव द्यायची वेळ आली आहे. मी काय करू? मुलांना जिंकायला शिकवू की खेळायला? (माझा मुलगा त्या सात जणांत होता, हेही सांगून टाकतो.)

ता. क. हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) कधीपासून शिकवावं?

– एक काका, विक्रोळी

नमस्कार,

कंसातलं वाक्य आधी घेतो. तुमचा मुलगा त्या सातांत होता, हे ग्रुपवर कुणी लिहिलं नसेल. पण बसलेल्या मुलांच्या घरी त्या संध्याकाळी त्यावर बोलणं झालंच असणार. तुमचा मुलगा खरंच चांगला खेळत असेल, तुम्ही जराही पक्षपात केला नसेल, तरी त्याने फरक पडत नाही. ही सगळी जिन्यात रोज भेटणारी माणसं आहेत. ज्याचं स्वतःचं मूल टीममध्ये आहे, त्याच्यावर निवड करायची वेळच येऊ नये अशी सोय हवी. कोण किती मिनिटं मैदानात, हे स्पर्धेच्या आधी कागदावर लिहा आणि स्कोअर काहीही होवो, तो कागद बदलू नका. सगळ्यांना सारखं खेळवण्याची मोठमोठी कारणं पुढे येतीलच. तुमच्यापुरतं हे साधं कारणही पुरेसं आहे.

आता ती 'चांगली टीम' म्हणजे काय, ते बघू. एक काम करा. तुमच्या तेरा मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा आणि त्या सात जणांपुढे खूण करा. फुटबॉलमध्ये वयोगट ठरवताना आपल्याकडे साधारणपणे १ जानेवारी ही तारीख धरतात. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं एकाच गटात. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा जवळजवळ वर्षाचा फरक म्हणजे त्याच्या आयुष्याचा आठवा भाग. तेवढ्यात उंची वाढते, पायात जोर येतो, सांगितलेलं पटकन कळायला लागतं. कॅनडातल्या आइस हॉकीवर १९८५ साली यासंबंधी पहिलं गाजलेलं संशोधन झालं आणि पुढे फुटबॉलमध्येही जगभर तेच दिसलं: निवडून घेतलेल्या मुलांच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा असतो. मग निवडलेल्यांना जास्त मॅच मिळतात, जास्त लक्ष मिळतं, म्हणून ती खरोखरच पुढे जातात, आणि निवडणारा म्हणतो, बघा, माझी नजर बरोबर होती. तुमच्या कागदावर असंच निघेल असं नाही. तेरा मुलं फार थोडी आहेत. पण आठव्या वर्षी कोण चांगला आणि कोण कच्चा, हा निकाल किती हलका असतो ते त्यावरून लक्षात येईल.

तुम्ही आणि ग्रुपवरचे सगळे बसून राहिलेल्या सहा जणांबद्दल बोलताय. मला त्या उंच मुलाची जास्त काळजी वाटते. मागून कुणीतरी लांब मारतो, तो सगळ्यांपेक्षा जोरात पळतो, गोल होतो, बाहेरून टाळ्या. तो काय शिकला? पळायचं, आणि ते त्याला आधीच येत होतं. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. तिथे बाकीचे त्याला गाठतील, काही मागेही टाकतील. त्या दिवशी त्याच्याकडे ना डावा पाय असेल, ना अडचणीच्या जागेत चेंडू वळवण्याची सवय, ना मान वर करून बघण्याची. पाच-सहा वर्षं सगळ्यांनी 'आमचा स्ट्रायकर' म्हटलेला मुलगा पंधराव्या वर्षी फुटबॉल सोडतो आणि का सोडला ते कुणालाच कळत नाही. मी शाळेत पीटी शिकवत असताना असे बरेच पाहिलेत. तुमच्या त्या २-१ ची किंमत सगळ्यात जास्त तोच मोजणार आहे.

त्याच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. त्याला छोट्या जागेत खेळवा, जिथे पळायला लांबी मिळतच नाही. डाव्या पायाने मारलेला गोल दोन धरा. महिन्यातून एखादा रविवार दहा-अकरा वर्षांच्या मुलांत खेळू द्या, म्हणजे अंगाच्या जोरावर भागत नाही हे त्याचं त्यालाच समजेल. उंच असणं ही काही त्याची चूक नाही, त्यामुळे 'तू गोल करू नकोस, दुसऱ्यांना दे' असं सांगून त्याला शिक्षा करू नका.

आता खडूसपणाचा दाखला देणाऱ्या वडिलांकडे येतो. त्यांच्यावर चिडू नका. मुंबईत वाढलेल्या कुणालाही त्या शब्दाचा अभिमान असतो, मलाही आहे. पण मुंबई क्रिकेटचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा. रमाकांत आचरेकर सरांच्या गोष्टींपैकी लोकांना स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं आठवतं: बाद न होता टिकलास तर ते तुझं. सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात मॅच खेळायला न्यायचे, ही गोष्ट तेवढीच प्रसिद्ध आहे. का न्यायचे? जास्तीत जास्त बॅटिंग मिळावी म्हणून. त्या सगळ्या गोष्टींत पोरगा तासन्‌तास खेळताना दिसतो, बसलेला कुठेच दिसत नाही. तुमच्या सहा जणांना त्या सकाळी दुसऱ्या मॅचमध्ये एकदाही चेंडूला पाय लावायला मिळाला नाही. त्यांच्यात खडूसपणा येणार कुठून?

राहिला वर्ल्डकप. तो चारदा जिंकलेल्या जर्मनीने २०२४-२५ च्या मोसमापासून ११ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्याची पद्धतच बदलली. अगदी लहान मुलं दोन-दोन किंवा तीन-तीन जणांत, चार छोट्या गोलपोस्टवर खेळतात. मोठी होतील तसे पाच-पाच, सात-सात. त्या वयात लीगचा तक्ताच नाही. एका दिवशी एका ठिकाणी जमायचं, छोट्या छोट्या बऱ्याच मॅच खेळायच्या आणि घरी जायचं. नॉर्वेत, म्हणजे तुमची मुलं ज्याच्या नावाची जर्सी घालून फिरतात त्या फुटबॉलपटू हालांडच्या देशात, मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. इंग्लंडमध्येही मुलं वयाप्रमाणे पाच, सात, नऊ आणि मग अकरा जणांच्या खेळाकडे जातात. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये लहानग्यांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली, तीही याच विचाराने. हे देश मुलांचे लाड करत नाहीयेत. आठ वर्षांच्या मुलांत जिंकायची घाई केली की अठराव्या वर्षी हाताशी खेळाडू उरत नाहीत, हा त्यांचा हिशेब आहे.

त्या वडिलांना आणखी एक सांगता येईल. शासनाच्या शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे आहेत. दहावीचे क्रीडा गुण, सर्टिफिकेट, जे काही डोक्यात असेल, ते सगळं तिथून पुढे. त्यांच्या मुलाला अजून पाच-सहा वर्षं आहेत. दिवाळीतल्या कपाची तिथे कुणी चौकशी करत नाही.

मेडलवाल्या आईंचंही मला पटत नाही, आणि हे थोडक्यात उरकतो. मुलांना स्कोअर माहीत असतो. तुम्ही मोजला नाही तरी ती मोजतात आणि ०-६ झाल्यावर 'जिंकणं-हरणं महत्त्वाचं नसतं' म्हटलं की सर आपल्याला उगाच समजावतायत हे त्यांना लगेच कळतं. हरल्यावर रडू आलं तर येऊ द्या. सामना संपून दहा मिनिटं झाली की मुलं वडापाव खात असतात. आठवडाभर हरलेले राहतात ते त्यांचे आईबाबा. सगळ्यांना सारखी मिनिटं द्या. सारखं कौतुक करायची गरज नाही. ज्याने मान वर करून पास दिला त्याचं नाव घ्या, ज्याने नाही दिला त्याचं घेऊ नका.

मात्र हरण्याजिंकण्याचा आकार छोटा करता येतो आणि मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. तुमच्या रविवारी मुलं तीन-तीनच्या टीम करून पाच मिनिटांची मॅच खेळली, मग टीम बदलून पुन्हा पाच मिनिटं, असं सात-आठ वेळा झालं, तर प्रत्येक मूल एका सकाळी दोन-तीनदा जिंकतं आणि दोन-तीनदा हरतं. आज ज्याच्याकडून हरला तो पुढच्या डावात आपल्याच बाजूला. गल्लीत हेच चालतं. भिडू वाटून घेतात, एक बाजू जड झाली की न सांगता एक जण इकडून तिकडे जातो, आणि अगदीच लहान पोरगं आलं तर त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. घरी कुणी पाठवत नाही. मोठ्या माणसाशिवाय मुलं एवढं नीट चालवतात. आपण शिट्टी घेऊन जातो तेव्हा निदान तेवढं तरी सांभाळावं.

तुमचा सराव कसा चालतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी जे दिसतं ते असं: तेरा मुलं एका रांगेत, पुढे दोन कोन, एक चेंडू, एकेकाने येऊन शॉट मारायचा. प्रत्येकाला वीस सेकंद धरा. नंबर पुन्हा यायला चार मिनिटांच्या वर जातात. वीस मिनिटांत एका मुलाला साडेचार शॉट. उरलेल्या वेळात ती पुढच्याला ढकलतात, गवत उपटतात आणि 'शिस्त नाही' म्हणून ओरडा खातात. रांग मोडा. प्रत्येकाकडे चेंडू हवा, आणि तोही मुलांच्या मापाचा. आठ-नऊ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, पुढे बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा. मोठ्यांच्या पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असतो. तो चेंडू सात वर्षांच्या मुलाच्या पायाला फार मोठा पडतो आणि मग त्याला लांब मारण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. पालक पाठीवर नाव छापलेल्या जर्सीसाठी पैसे काढायला तयार असतील, तर त्यांना म्हणा, आधी प्रत्येकी एक चेंडू घ्या आणि त्यावर मार्करने नाव लिहा.

पहिली पंधरा मिनिटं खेळ खेळू द्या, पण चेंडू पायाशी ठेवून. विषामृत सगळ्यांना येतं. ज्याच्यावर राज्य त्याने शिवलं की विष, तिथेच पाय फाकवून उभं राहायचं. दुसऱ्याने येऊन त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला की अमृत. यात ड्रिबलिंग आलं, नेमका पास आला, मान वर करून कोण अडकलंय ते बघणं आलं आणि तुम्हाला एक शब्दही समजवावा लागला नाही. 'डोंगर की पाणी' तसंच. पाणी म्हटलं की चेंडू घेऊन पळायचं, डोंगर म्हटलं की तळव्याने चेंडू थांबवून वर पाय ठेवून उभं राहायचं. मग डाव्या पायाने पाणी. मग दोघांनी एकमेकांचे चेंडू बदलून पाणी. लहान मुली आणि नवीन आलेली मुलं यात बाहेर पडत नाहीत, कारण बाद होऊन बाजूला बसणं या खेळांत नाही. तुमच्या सरावात बाद होऊन बसायचा एकही खेळ ठेवू नका. जो लवकर बाद होतो त्यालाच जास्त सरावाची गरज असते.

मग छोट्या मॅच. तेरा मुलं म्हणजे एका बाजूला तीन विरुद्ध तीन, दुसऱ्या बाजूला चार विरुद्ध तीन. प्रत्येक मैदानाला चार गोल, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला, चपला ठेवूनही चालतात. दोन गोल असले की एकीकडे गर्दी झाल्यावर मूल आपोआप दुसरीकडे वळतं. या वयात एकच चेंडू आणि एकच गोल दिला की लोकल आल्यावर दारात होते तशी झुंबड उडते, आणि बाहेरून कितीही 'पसरा, पसरा' ओरडलं तरी कुणी पसरत नाही. चार गोलांवर खेळताना ती मुलं स्वतःच पसरायला लागतात. पहिल्याच रविवारी नाही, पण महिन्या-दीड महिन्यात. गोलकी नको. ज्या मॅचला गोलकी लागतोच तिथे तो दर मॅचला बदला, नाहीतर जरा गुबगुबीत मुलगा कायमचा तिथे जाऊन बसतो.

आणि 'पास दे, पास दे' जरा कमी करा. सात वर्षांच्या मुलाला नुकताच चेंडू आपल्या ताब्यात ठेवता यायला लागलेला असतो, त्याला तो सोडवत नाही. दोघांना चकवून तिसऱ्याकडे हरवला तर हरवू द्या. पास कुणाला द्यायचा हे दिसायला आधी चेंडूकडे न बघता तो पायाशी ठेवता यावा लागतो. एका रविवारी एकच गोष्ट सांगा. आज तळव्याने मागे ओढून वळणं, तर आज तेवढंच. दहा सूचना दिल्या की मुलं एकही घेत नाहीत, आणि आपल्याला खूप शिकवल्याचं समाधान मिळतं.

आता जानेवारी. स्पर्धा पाच-पाचची आहे हे उत्तम. एक टीम देऊ नका, दोन द्या, एक सहा जणांची आणि एक सात जणांची. प्रवेश फी दुप्पट लागेल. जर्सीवर वाचवलेले पैसे इथे घाला. ती मुलगी परत आली नाही तर सहा-सहा. दोन्ही टीम सारख्या ताकदीच्या करा. 'ए' आणि 'बी' म्हणू नका, म्हटलं नाही तरी कुणालाही वाटणार नाही अशी वाटणी करा. उंच मुलगा एकीकडे, तुमचा मुलगा दुसरीकडे. आठ-आठ मिनिटांचे दोन हाफ असले तर सात जणांत प्रत्येकाला सरासरी अकरा मिनिटांच्या वर मिळतात, सहा जणांत तेरा. दर चार मिनिटांनी बदल करायचा, क्रम आधीच लिहिलेला, आणि तो कागद तुमच्या हातात नको. ज्यांच्या मुलाची मॅच सुरू नाही अशा कुणाच्या तरी हातात द्या.

नाव देण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: नॉकआऊट आहे की गट? लहान मुलांसाठी नॉकआऊटसारखी वाईट पद्धत नाही. सोळा टीम आल्या तर आठ टीम एक मॅच खेळून घरी. मूल पहाटे उठतं, आपण डबा भरतो, रिक्षा पकडतो, आणि सोळा मिनिटांत सगळं संपतं. त्याच सोळा टीमचे चार-चारचे गट केले तर प्रत्येकाला निदान तीन मॅच मिळतात. एकूण चोवीस मॅच होतात, आणि टर्फ मधून विभागून दोन-दोन एकदम लावल्या तर फार वेळ जात नाही. बहुतेक आयोजक ऐकतात, कारण त्यांनाही टीम टिकवायच्या असतात. नाहीच ऐकलं तर मी ती स्पर्धा सोडून देईन आणि त्याऐवजी घाटकोपर-मुलुंडकडच्या दोन-तीन ओळखीच्या ग्रुपना बोलावून रविवारची सकाळ एकत्र काढीन. तिथे नियम आपले. तीन गोलांनी मागे पडलेल्या टीमने एक जादा खेळाडू आत घ्यायचा. गोलकीकडे चेंडू आला की समोरच्यांनी अर्ध्या मैदानाच्या मागे जायचं, म्हणजे त्याला लांब न मारता जवळच्याला पास देता येतो. तुमचं ०-६ असं कधीच होऊ नये यासाठी एवढे दोन नियम पुष्कळ आहेत.

पालकांना मात्र स्पर्धेच्या आधी एकदा समोरासमोर बसवा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर प्रत्येक जण बाकीच्यांना दाखवण्यासाठी लिहितो. पंधरा मिनिटांत स्पष्ट सांगा: सगळे सारखे खेळतील, सगळे सगळ्या जागी खेळतील, आणि यामुळे आपण वर्षभर काही टीमकडून हरू. हे शेवटचं लपवू नका. लांब मारून पळणाऱ्या टीम या वयात जिंकतातच. आपली मुलं मागून पास देत यायला बघतील आणि आपल्याच गोलसमोर चेंडू घालवतील. असे चार-पाच गोल खाल्ल्याशिवाय ते येत नाही. ज्यांना हे मंजूर नाही त्यांनी मुलाला दुसरीकडे घालावं, राग नाही. बहुतेक कुणी जाणार नाही. फुकटात दर रविवारी दीड तास मुलं सांभाळणारा माणूस विक्रोळीत सहज मिळत नाही.

मॅचच्या वेळी पालक गोलच्या मागे नकोत आणि टीमच्या बाकाजवळही नकोत; समोरच्या बाजूच्या जाळीबाहेर सगळे एकत्र. तिथून 'मार लांब!' ऐकू येणारच. ओरडू नका म्हणून सांगितलं तर कुणी थांबत नाही, त्यापेक्षा काम द्या. प्रत्येकाने मोजायचं, आपल्या मुलाने किती वेळा चेंडू घेऊन वळून बघितलं. मोजणाऱ्याला ओरडायला सुचत नाही. आणि त्या खडूसवाल्या वडिलांना रविवारच्या छोट्या मॅचचा रेफरी करा. शिट्टी हातात आली की माणूस दोन्ही बाजूंची मुलं बघायला लागतो. शिवाय ते वेळेवर येतील, अशी माणसं येतातच.

गैरहजर राहणाऱ्या मुलाला कमी वेळ द्यावा का, हा प्रश्न कुणीतरी काढेल. या वयात देऊ नका. आठ वर्षांचं मूल रविवारी सकाळी स्वतः उठून येत नाही. गावी नेणारे, लग्नाला नेणारे आपण असतो. बोलायचं असेल तर आईवडिलांशी बोला.

यायची बंद झालेली मुलगी. तिच्या आईला मेसेज टाकू नका, घरी जा. 'पाठवा, आता खेळवतो' एवढ्याने भागणार नाही. जानेवारीचा तो मिनिटांचा कागद सोबत न्या, त्यात तिचं नाव कुठे आहे ते दाखवा. तिच्याशीही बोला, तिला काय खेळायला आवडतं ते विचारा. आणि तिन्ही मुली एकाच टीममध्ये टाकू नका. तिघी एकत्र असल्या तर पास त्यांच्यातच फिरतो, पण तिथून मुलांच्या मधोमध जाऊन चेंडू मागायची सवय लागत नाही. दोन एकीकडे, एक दुसरीकडे, आणि ती एक कोण हे त्यांनाच ठरवू द्या.

हेडिंगचं सोपं आहे: आता नाही. अमेरिकेत १० वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडिंगला बंदीच आहे, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग घेत नाहीत. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांची काळजी हे त्याचं कारण. तुमच्या वयोगटात तसाही चेंडू डोक्यापर्यंत जातो तो लांब मारल्यावरच. कॉर्नर घेताना वर मारू नका, जवळच्याला जमिनीवरून द्या, थ्रो-इनऐवजी पायाने आत घ्या. हेडिंगसाठी काढून ठेवलेला वेळ असेल तर तो डाव्या पायाला द्या, आणि जे डावखुरे असतील त्यांच्या उजव्या.